कोमट पाणी

नाडीच्या मधोमध एक गाठ होती, आणि ती बोटाखाली आली की कुन्नेयचं बोट तिथं थांबत असे. कधीतरी तुटलेली नाडी कुणीतरी — कुणीतरी म्हणजे आईनंच, दुसरं कोण — घाईघाईत जोडलेली, आणि मग हिवाळ्यामागून हिवाळे त्याच जागी धरून धरून ती गाठ काळी, गुळगुळीत झालेली, नदीतल्या खड्यासारखी. सशाच्या कातड्याची पिशवी, केस आत, कातडं बाहेर; गाय पाण्यावर निघाली की तिच्या कासेवर चढवायची, नाड्या कुशीवरून वर घेऊन पाठीवर बांधायच्या, नाहीतर तळ्यापर्यंत जाऊन येईतो सड फुटायचे. मंगास आटलेली होती, गाभण होती, दूध नव्हतं, तरी बांधायची. आटलेल्या कासेलाही थंडी वाजते, असं आई म्हणायची. की म्हणायची नाही, मीच आता म्हणते आहे आणि तिच्या नावावर टाकते आहे... हल्ली हे असं होत होतं. आईची वाक्यं वाढत चालली होती.

मंगास मान वळवून पाहत होती. पांढरं तोंड, डोळ्यांभोवती काळी कडी, नाकाशी वाफ. गोठ्याचं दार उघडं होतं, त्याच्या आतल्या अंगाला चढलेला बर्फ लोकरीसारखा जाड झाला होता, बाकीच्या दोघी, थोरली काळी गाय आणि तांबडी कालवड, बाहेर जायला ढुसण्या देत होत्या. मंगास दाराकडे पाहत नव्हती. ती कोपऱ्यातल्या पालथ्या बादलीकडे पाहत होती.

"चल," कुन्नेय म्हणाली. "चल गं बाई. आज तरी."

बाहेर पडल्यावर शाळेची घंटा ऐकू आली, म्हणजे थंडी उतरली होती. पारा फार खाली गेला की लहान मुलांची शाळा भरत नाही. गेले कितीतरी दिवस घंटा नव्हती; घंटा नव्हती, समोरचं घर नव्हतं, गावच नव्हतं, नुसतं धुकं होतं, जे श्वासांचं आणि धुराड्यांचं मिळून होतं आणि वर न जाता माणसांच्या उंचीवर थांबून राहतं. त्या धुक्यातच आई गेली आणि धुक्यातच तिला नेली. जमीन मऊ व्हावी म्हणून पुरुषांनी टेकडीवर लाकडं पेटवली होती. ती आग घरातून दिसली नाही, नुसता वास येत राहिला, ओल्या मातीचा, भर हिवाळ्यात — वसंतात येतो तसा — आणि त्या वासानं काळी गाय गोठ्यात हंबरली होती. तिला वाटलं असेल, गवत आलं.

तळ्याची वाट उताराची. पुढे काळी, मागे कालवड, आणि मग बरंच अंतर सोडून मंगास, पोट दोन्ही बाजूंना हलवत, प्रत्येक पाऊल आधी विचारून टाकल्यासारखं टाकत. तिच्या मागे कुन्नेय, खांद्यावर पहार, हातात बादली आणि लांब दांड्याचा झारा. शहरात ती एका प्रकाशनासाठी मुद्रितं तपासायची; 'शीण' हा शब्द तिनं किती पानांवर पाहिला असेल, किती ठिकाणी त्याचा ऱ्हस्व-दीर्घ नीट करून पुढे गेली असेल. पुस्तकांत शीण कशानंतर तरी येतो. प्रवासानंतर, युद्धानंतर, बाळंतपणानंतर. हा आधीच येऊन बसलेला असे. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो उठलेला असे, तिचे बूट घालून तयार. ती त्याच्या मागोमाग चालायची, बस. रडू येत नव्हतं, त्याबद्दल लोक काळजी करत होते, पण रडायलाही कुठूनतरी पाणी लागतं, आणि ते सगळं...

तळ्यावर उल्याना मावशी आधीच पोचली होती. आईची, म्हणजे बाल्बाराची, शेजारीण, प्रोकोपीची बायको; तरुणपणी ती आणि आई एकाच दूधफार्मावर होत्या, आणि तिथून सुरू झालेलं भांडण शेवटपर्यंत संपलं नव्हतं, म्हणून मैत्रीही संपली नव्हती. बुटकी, गोल, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. दोन्ही घरांचा मिळून तळ्यात एकच ओइबोन होता, बर्फात पाडलेला पाणवठा. रात्री त्याच्यावर गोठलेल्या शेणाच्या लाद्या आणि वर भुसभुशीत बर्फ घालून ठेवायचा, सकाळी उघडायचा, धरलेली बर्फाची साय पहारीनं फोडायची. उल्यानानं लाद्या बाजूला केल्या होत्या. चौकोनी काळ्या पाण्यातून वाफ निघत होती. तळ्याचं पाणी हवेपेक्षा गरमच असतं. परक्या माणसाला त्या वाफेकडे पाहून वाटेल, हात शेकावेत.

"आल्या का राणीसरकार?" उल्याना मंगासला म्हणाली. "कपबशी कुठंय हिची? आणि बशीत ओतून फुंकर कुणी घालायची, मी?"

"सकाळी सकाळी नको ना, मावशी."

"का नको? सकाळीच जीभ हलते माझी. दुपारपर्यंत गोठते." तिनं पहार मारली, कडेचा बर्फ तुटून पाण्यात पडला. "काढ तो तुकडा. झारा असा धरतात? तू काय शेवया काढतेयस? बाल्बारा बघत असेल ना वरून, तर खाली उतरून हातातून ओढून घेईल."

कुन्नेयनं तुकडे काढले. बादलीनं पाणी उपसून शेजारच्या पन्हळीत ओतलं — बर्फातच खोदलेली पन्हळ, जनावरांच्या जिभांनी कडा गोल झालेल्या. मग दोघी गप्प झाल्या. जनावर पाण्याला तोंड लावतं तेव्हा इथं माणसं बोलत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही, पण लहान मूलही गप्प होतं. काळीनं तोंड घातलं आणि ओढायला लागली, प्रत्येक घोटाला तिचे कान मागेपुढे होत होते. कालवड प्यायली, थांबली, तिला कापरं भरलं, पुन्हा प्यायली. त्या शांततेत पाणी आत जाताना ऐकू येत होतं, जाड नळीतून जावं तसं, आणि कुन्नेयला वाटलं, हा एक आवाज आहे जो दिवसभरात मला नको वाटत नाही.

मंगास पुढे आली. तिनं नाक खाली नेलं. तिचा श्वास पाण्यावर पसरला, पाणी थरथरलं, ओठांनी पाण्याला स्पर्श केला... आणि तिनं तोंड वर उचललं. मिशांना लागलेले थेंब तिथंच पांढरे झाले. ती वळली आणि उताराकडे पाहू लागली, वर, घराकडे, धुराड्याकडे.

कुन्नेय वाट पाहत राहिली. उल्यानाही. काळी ढेकर देऊन बाजूला झाली तेव्हा बोलायला हरकत उरली नाही.

"काल संध्याकाळी कोमट दिलंस तिला," उल्याना म्हणाली.

"नाही."

"खोटं बोलताना आईसारखं नाक ओढतेस. काल अंधारताना मी गवताचा भारा टाकायला आले होते. गोठ्याच्या उंबऱ्याशी सांडलेल्या पाण्याचा ताजा बर्फ. पडलेच असते, कंबर मोडली असती, मग माझ्या दहा जनावरांना पण तूच पाणी दाखवलं असतंस."

"थोडंसंच दिलं. अर्धी बादली."

"अर्धी बादली म्हणजे अर्धी सुरी, पोरी."

मंगास अजून धुराड्याकडे बघत होती.

"हे बघ," उल्यानानं पहार बर्फात रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "परवा तुझा भाऊ येतोय गाडी घेऊन, तू शहरात जाणार. काळी आणि कालवड माझ्या गोठ्यात, ते ठरलंय. हीपण येऊ दे, मी नको म्हटलंय? हिच्या आईचं दूध प्यायलेय मी. पण इथं प्यायली पाहिजे. बाकीच्यांच्यात, माझ्या डोळ्यांदेखत. मी एकटी हिच्यासाठी बर्फ वितळवत बसले तर प्रोकोपी आधी मलाच वितळवेल."

"आणि नाही प्यायली तर?"

"तर प्रोकोपीलाच यावं लागेल. गोड बोलून काय करू? पोटात वासरू असलेलं जनावर कापायचं त्यालाही नको असतं, त्या दिवशी जेवत नाही तो. पण तहानेनं वाळवून मारण्यापेक्षा बरं." तिनं पहार उपटली. "आज सांजेला काही नाही. थेंब नाही. बादलीचा आवाजसुद्धा नाही. बोंब मारेल. मारू दे. उद्या सकाळी बघ, तुला मागे टाकून येईल इथं."

"आणि नाही आली?"

"गाय आहे ती, मला काय विचारतेस? यंत्र असतं तर सांगितलं असतं."

"गाभण आहे, मावशी. रात्रभर तशी ठेवली आणि काही झालं..."

"तुझ्यानं होत नसेल तर मी येऊन बसते दारात. तुला धरून ठेवते."

"नको."

"बाल्बाराला जमलं असतं."

"आईनं मुळात दिलंच नसतं."

"हां," उल्याना म्हणाली. "तेही आहेच." आणि दोघींच्या तोंडातून एकदम वाफ निघाली, हसल्यासारखी.

घराच्या भिंतीला टेकून बर्फाच्या लाद्या उभ्या होत्या. नोव्हेंबरात, तळं पारदर्शक असताना, कापून आणलेल्या. आतून निळ्या, आत अडकलेली एखादी काडी स्पष्ट दिसावी अशा. ते घराचं पिण्याचं पाणी, चहाचं, सुपाचं, वसंतापर्यंतचं. या वेळी आईच्यानं करवत धरवत नव्हती. ती स्टुलावर बसून हात करून दाखवत होती, इथून काप, तिथं शेवाळ आहे, आणि प्रोकोपी म्हणाला होता, एवढ्या कशाला लागतायत तुला, तर आई म्हणाली, का, मरणार म्हणून चहा प्यायचा नाही की काय. रांग दारापासून कोपऱ्यापर्यंत होती. आता दाराशी थोड्याच उरल्या होत्या, आणि जिथं बाकीच्या होत्या तिथं भिंत उघडी पडली होती, लिंपण दिसत होतं.

ठाऊक होतं. हेच तर आहे, की ठाऊक होतं. इथल्या मुलांना अक्षरं कळायच्या आधी कळतं की हिवाळ्यात गाईला कोमट दाखवायचं नाही. एकदा तिला चुलीवरचं पाणी मिळालं की तिचा घसा ते लक्षात ठेवतो, आणि मग तळं तिला शिक्षेसारखं वाटतं. मला कुणी फसवलं नाही, कुणी चुकीचं सांगितलं नाही. आईजवळून उठायचं म्हणजे तळ्यावर जाऊन ओइबोन उघडून तिघींना पाजून परत येईतो तिला एकटी ठेवायची, त्या धुक्यात, आणि परत येईन तेव्हा... म्हणून मी दारातली एक लादी कुऱ्हाडीनं फोडली, कढईत घातली, चुलीवर ठेवली. आज एक दिवस. उद्या थंडी उतरेल. मग दुसऱ्या दिवशी दुसरी. गोठ्यात तिघींची तोंडं एका बादलीत शिरायला बघायची, वाफ त्यांच्या पापण्यांवर चढायची. बाकीच्या दोघी नंतर ते विसरल्या, मंगास नाही. मला — हे कसं सांगू — मला त्या वेळी बरं वाटायचं. घरात जे पाणी मी चमच्यानं नेत होते ते आत जात नव्हतं. इथं बादली रिकामी होत होती.

आईला बादलीची कडी ऐकू गेली होती.

"कुणाला पाणी?" तिनं विचारलं होतं.

"गाईंना."

"कुठलं?"

"गरम केलंय थोडं."

कुन्नेयला वाटलं झोप लागली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "मग साखरपण घाल."

तिच्या शेवटच्या सलग वाक्यांपैकी ते एक. पुस्तकांत माणसं जाताना काही सांगून जातात. कितीतरी तशी पानं तपासली होती मी, स्वल्पविराम दिले होते, शेवटच्या शब्दांपुढे टिंबं नीट मोजून तीन ठेवली होती. साखरपण घाल. हे कुठं लिहायचं?

दुपारी भावाचा, एर्चिमचा, फोन आला. खाणीच्या शहरातून, मागे यंत्रांचा आवाज.

"ताई, परवा सकाळी निघतो मी. नदीवरचा रस्ता चांगला आहे म्हणतात. तू बांधाबांध केलीस?"

"करते."

"करते म्हणजे नाही केली. आणि मंगासचं काय?"

"आज नाक लावलं तिनं."

"नाक लावलं म्हणजे प्यायली?"

"नाही."

"ताई, ऐक. म्हातारी आहे ती. मी शाळेत असताना तिला ओढत न्यायचो, मला शिंग मारलेलं तिनं, अजून खूण आहे मांडीवर. मलाही वाईट वाटतंच. पण तू एका गाईपायी तिथं बसून राहणार आहेस का? तुझा आवाज कसा झालाय बघ."

"कसा झालाय?"

"आईसारखा," तो म्हणाला, आणि मग नुसती यंत्रं बोलत राहिली. "म्हणजे, बसलाय," तो म्हणाला. "घसा बसलाय. चहा घे काहीतरी."

तिनं चहा केला. गोठलेल्या दुधाची चकती सुरीनं तासून त्यात टाकली, ती वर तरंगत फिरत राहिली, कडेनं विरघळत. भाकरीचा पहिला तुकडा, विस्तवाचा वाटा म्हणून, चुलीत टाकला, हातानंच टाकला, सवयीनं. मग पेला समोर ठेवून ती बसली आणि चहावर साय धरली.

बांधाबांध करायची होती. आईची खाट अजून तशीच होती, चुलीजवळ सरकवलेली. तिच्या बाजूला स्टूल, स्टुलावर काही नाही. बाटल्या नर्स घेऊन गेली होती, चमचा कुन्नेयनं धुऊन इतर चमच्यांत ठेवला होता आणि आता तो कुठला ते ओळखू येत नव्हतं. ओळखू येऊ नये म्हणूनच ठेवला होता. तरी खाना उघडला की ती शोधायची.

नर्स म्हणाली होती, थोडं थोडं, दर वेळी चमचाभर, ओठ कोरडे पडू देऊ नका. मग माझा दिवस चमच्यांचा झाला. आत गेलेला चमचा, बाहेर आलेला चमचा. आत गेला की मी जिंकले, उशीवर ओघळला की हरले. शेवटी शेवटी आईनं ओठ मिटायला सुरुवात केली. झोपेत मिटतात तसे नाही. जागेपणी, चमचा जवळ येताना बघून. मी वाट बघायची. तिचे ओठ जरा सैलावले की कडेनं हळूच... आणि ती माझ्याकडे बघायची. रागानं नाही. राग असता तर मला धरता आला असता. लहान मूल एखादी गोष्ट करत सुटतं, आणि मोठं माणूस थकून त्याला करू देतं, तसं. "पुरे," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, एवढा एकच. तिनं तो घेतला. माझ्यासाठी घेतला, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी पुढचा भरला.

कुन्नेय उठली. खिडकीवरच्या बर्फाची नक्षी तांबूस झाली होती, म्हणजे ऊन उतरलं. तिनं गोठ्यात जाऊन शेण ओढलं, गवत टाकलं. हात भराभर चालत होते, आणि मंगास त्या हातांकडे बघत होती, डावीकडे, उजवीकडे, मान फिरवत. गवताला तिनं तोंड लावलं नाही. कोरडं गवत कोरड्या घशाखाली उतरत नाही. कुन्नेयनं तिची पाठ खाजवली, पोटावर हात ठेवला. आतून एक धक्का लागला तळव्याला — गुडघा असेल, खूर असेल — आणि मग दुसरा, जवळच.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

मंगासनं तिच्या हातमोज्याचा वास घेतला, नीट, आतून बाहेरून.

घरात आली तेव्हा चुलीवरची कढई वाफाळत होती. ती दारात तशीच उभी राहिली. कधी ठेवली? लादी फोडलेली आठवत नव्हती, आणि कुऱ्हाड तर उंबऱ्याशी होती, पात्याला बर्फाचा चुरा लागलेला. हातांनी केलं होतं. ती एकीकडे काही ठरवत होती आणि हात दुसरीकडे त्यांच्या वेळेला त्यांचं काम करून मोकळे झाले होते. पाणी अगदी बेताचं झालं होतं. बोट घातलं तर सोसेल, गाईला आवडेल असं. तिच्या मागे, अंगणापलीकडे, मंगास हंबरली.

पहिलं हंबरणं साधंच होतं, आठवण करून दिल्यासारखं. दुसरं लांबलं. तिसरं आलं तेव्हा कुन्नेयच्या हातात बादलीची कडी होती.

कडी गार होती. तिनं ती खाली ठेवली, मग आवाज होईल म्हणून पुन्हा उचलली आणि चिंधीवर ठेवली. पाणी ओतून द्यावं बाहेर? दारातून फेकलं तर हवेतच त्याचा धूर होईल, मुलं गंमत म्हणून करतात. पण आईनं स्टुलावर बसून कापून घेतलेल्या लादीचं पाणी... फेकवेना. झाकून ठेवावं? झाकलं तरी ते तिथं असणार, कोमट, आणि ती इथं असणार, आणि आवाज. अर्धी बादलीसुद्धा नको, तांब्याभर, नुसतं तोंड ओलं करायला — हे वाक्य ओळखीचं वाटलं आणि ती त्याच्यापासून बाजूला सरकली. पोटातल्याला पाणी लागतं. एक रात्र. काही होत नाही. काही झालं तर. हंबरणं. एक रात्र म्हणजे किती लांब असते हे उल्यानाला काय ठाऊक... ठाऊक असेल. तिच्या दहा गाई आहेत, आणि दोन मुलं त्या टेकडीवर.

तिनं डोक्याचा रुमाल सोडला. वेणी सोडली. केस धुतलेले नव्हते कधीपासून, त्यांना गोठ्याचा वास होता, धुराचा, आणि खाली कुठंतरी औषधाचा. तिनं कढई उतरवून बाकावर ठेवली, वाकली, आणि डोकं त्यात बुडवलं.

पाणी कानांवर आलं. हंबरणं दूर गेलं, जाड झालं, भिंतीच्या नाही तर तळ्याच्या पलीकडून आल्यासारखं. डोक्याची कातडी एकेक जागी जागी होत गेली, मागे मानेशी, कपाळाशी. तिनं साबण लावला, बोटांनी रगडलं, पुन्हा बुडवलं. पाणी करडं झालं. ती घाई करत नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती काहीतरी दुसऱ्या कुणासाठी नसलेलं करत होती, आणि हे तिला कळलंही नाही. कळलं ते वेगळंच, ती केस पिळत उभी राहिली तेव्हा, दाराच्या फटीतून आत येणारी पांढरी हवा घोट्यांना लागली तेव्हा. ओले केस घेऊन बाहेर जाता येत नाही. बाहेर पाऊल टाकलं की ते काचेसारखे होतात, तुटतात, माणूस ताप घेऊन पडतं. आणि हे केस लांब होते, दाट. चुलीशी बसलं तरी वाळायला सकाळ होते त्यांना.

म्हणजे आता जाता येणार नव्हतं.

हातांनीच केलं का हेही? की मी केलं? ती चुलीजवळ जमिनीवर बसली, केस पुढे घेऊन, गुडघ्यांवर पसरून. पाणी टपकत होतं. पलीकडे मंगास हंबरत होती. आता त्यात राग होता, मग राग संपला आणि नुसता घसा उरला, खरखरीत, पुन्हा पुन्हा. कुन्नेय ऐकत होती. इतके दिवस घरातला कुठलाही आवाज — खोकला, खाटेची कुरकुर, नुसता लांबलेला श्वास — तिच्या नावानंच येत असे. ऐकू यायच्या आधी ती उठलेली असे. हा आवाजही तसाच सुरू झाला होता. पण आता ती उठू शकत नव्हती, आणि न उठता ऐकताना त्यातलं तिचं नाव हळूहळू गळून पडत होतं. ती एका गाईची तहान होती. गाईच्या घशातली, गाईची. ती तिथं होती, मोठी होती, तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, पण ती कुन्नेयच्या हातांत नव्हती. कधीच नव्हती बहुतेक. आणि ते मिटलेले ओठ...

ती थांबली. पुढचा विचार समोर उभा होता आणि त्याला हात लावायचं बळ तिच्यात नव्हतं. पण तो पळूनही जात नव्हता. मिटलेले ओठ मला नाकारत नव्हते. ते फक्त मिटलेले होते. ते तिचे होते.

शीण होताच. तो कुठं जाणार. पण त्याचा भार बदलला होता. काही उचलून नेण्याचा नव्हता, न उचलता बसून राहण्याचा होता, आणि तो जास्तच होता, खांद्यांत नाही तर मांडीवर ठेवलेल्या दोन रिकाम्या तळव्यांत. तिनं केसांचा एक पेड उचलून चुलीकडे धरला. त्यातून वाफ निघाली. पलीकडचा आवाज थांबला. तिनं कान दिला — दमली असेल, बसली असेल, की भिंतीला कान लावून तीही इकडचं ऐकत असेल — आणि कळलं नाही, आणि तिनं पेड उलटा करून दुसरी बाजू चुलीला दिली.